कळकवाडीतून जाणारी लाइन

विषय क्रमांक नऊ पुकारला, तेव्हा नगरपरिषदेच्या सभागृहातल्या निम्म्या लोकांचं लक्ष शेजारच्या खोलीतून येणाऱ्या रश्शाच्या वासाकडे होतं. सभा संपली की जेवण होतं. लिपिकाने एका दमात वाचून टाकलं: कळकवाडी भागातील अग्निशमन केंद्राचे आरक्षण वगळून त्या जागी व्यापारी संकुल बांधणे, आणि तेथील नियोजित रस्त्याची रुंदी कमी करणे.

मी उभी राहिले. नगरसेविका होऊन मला फार दिवस झाले नव्हते.

"ती जागा बंबासाठी ठेवलीय," मी म्हणाले. "आमच्याकडं घराघरात कळकाचे बांबू रचलेले असतात. एक ठिणगी पडली तर वस्ती जाईल. रस्ता आत्ताच अरुंद आहे, तो अजून कमी करून कसं चालेल?"

नगराध्यक्ष जयवंतदादा हसले. त्यात कुत्सितपणा नव्हता. लग्नघरी दुसऱ्याच्या आजीशी बोलावं तसं ते माझ्याशी बोलायचे. "पद्माताई, बंब आपला एकच. तो आहे तिथं बरा आहे. संकुल झालं तर तुमच्याच पोरांना गाळे मिळतील. टोपल्या उन्हात बसून विकायच्या का सावलीत?"

बाकीचे हसले. मी बसले नाही, तशीच उभी राहिले.

कळकवाडी आधी वेगळं गाव होतं. कळक फोडायचा, त्याच्या पातळ पट्ट्या म्हणजे बेळं काढायची, सुपं, टोपल्या, कणग्या विणायच्या आणि बाजारोबाजारी नेऊन विकायच्या, हा आमचा धंदा. आसरखेड शहराजवळ कारखाने आले, शहर वाढलं, हद्द वाढली आणि आम्ही शहरात आलो. ग्रामपंचायत गेली. घरपट्टी वाढली. पाणी मात्र आलं नाही. धरणातून शहराच्या टाकीकडे जाणारी मोठी लाइन आमच्या वस्तीच्या कडेनं जायची, पण तिला आमच्यासाठी एकही तोटी नव्हती. आम्हाला टँकर होता, तोही एक दिवस यायचा आणि दोन दिवस यायचा नाही. नळ मागायचा म्हणून वस्तीनं मला निवडून दिलं होतं.

"ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करावेत," दादा म्हणाले.

हात वर गेले. खिडकीजवळ बसलेल्या एका सभासदाचा हातही अर्धा वर गेला आणि तिथंच थांबला. तो बाहेर बघत होता. मीही वळून बघितलं. पूर्वेला, पाण्याच्या टाकीच्या पलीकडे, काळा धूर उभा चढत होता. वारं असल्यामुळे वर जाऊन तो शहराकडे वाकला होता.

"कारखान्याचा असेल," कुणीतरी म्हणालं.

तो कारखान्याचा नव्हता. तेवढ्यात माझा फोन वाजला. माझी धाकटी जाऊ, सिंधू. तिचं बोलणं मला नीट ऐकू येईना, कारण तिच्या मागून फटाक्यांच्या माळा लागाव्यात तसा आवाज येत होता. कळक पेटला की त्याची पेरं अशी फुटतात.

"आक्का, मामंजी आत हायती," एवढं मात्र मला कळलं.

मी मुख्याधिकाऱ्यांकडे वळले. कुलथे साहेब तरुण होते, बदलून येऊन वर्षही झालं नव्हतं. नगरपरिषदेचा सगळा कारभार त्यांच्या सहीनं चालायचा. "साहेब, बंब पाठवा."

त्यांनी पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरकडे बघितलं. इंजिनिअरनं खाली बघितलं. मग साहेबच म्हणाले, "बंब सुवर्णनगरला गेलाय."

सुवर्णनगर म्हणजे बायपासलगतची नवी वसाहत. तिथल्या बंगल्यांना परवानग्या दिल्या तेव्हा पाणी कुठून देणार हे कुणी विचारलं नव्हतं. उन्हाळा लागल्यावर ओरड झाली, तेव्हा सभेनं ठरवलं की बंब नुसता उभा असतो, तर त्यातून सुवर्णनगरच्या टाक्या भरून द्याव्यात.

"परत बोलवा त्याला."

"बोलावतो. पण तो रिकामा होत आला असेल. आणि आपल्या टाकीतही भरायला पाणी नाही. उद्या गावाला पाणी सोडायची पाळी आहे, आज टाकी भरायला लावलीय."

टाकी भरायला लावली होती म्हणजे धरणावरचे पंप चालू होते. म्हणजे कळकवाडीच्या कडेनं त्या वेळी पाणी वाहत होतं. हे तिथंच माझ्या डोक्यात आलं असं मी म्हणणार नाही. मी नुसती पळत जिना उतरले. साहेब मागून आले आणि त्यांनी मला जीपमध्ये घेतलं.

वस्तीत त्या दिवशी पुरुष थोडेच होते. बाजारचा दिवस होता, माझे मालकही सुपं घेऊन लांबच्या बाजाराला गेले होते. दीर दत्तू, सिंधूचा नवरा, तेवढा पायाला कोयता लागल्यामुळे घरी होता. आम्ही पोचलो तेव्हा पश्चिमेकडची घरं पेटलेली होती आणि त्यांत माझंही होतं. बायका हंडे, बादल्या, पातेली, जे हाताला येईल त्यानं पाणी मारत होत्या. पण मारायला पाणी होतं कुठं? आदल्या दिवशी टँकर आला नव्हता. माझ्या देखत एका बाईनं माठ उचलला, उपडा केला, त्यातून पेलाभर पाणी पडलं आणि ती माठ हातात धरून तशीच उभी राहिली.

सिंधूनं मला धरलं. तिच्या पदराची कड जळाली होती.

"हे मामंजींना आणायला गेलं," ती म्हणाली. "बोळात आग आली. मागं फिरता येईना म्हणून दार लावून आत बसल्याती दोघं."

सासऱ्यांना अर्धांगवायू झाला होता. त्यांची खोली बोळाच्या शेवटाला, जुन्या दगडी भिंतींची. तिच्या मागच्या बाजूला शेत होतं. आम्ही शेतातून वळसा घालून गेलो. भिंतीला वर एक झरोका होता, त्यातून हातसुद्धा धड गेला नसता.

"दत्तू," मी हाक मारली.

"आक्का, आलीस?" त्याचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. "आबा ठीक हायती. धूर लई यायलाय. दारावर पाणी मारा, म्हंजी निघतो."

"मारतो रे. बंब येतोय."

"येऊ दे. पर बिगीनं."

आम्ही पुढच्या अंगाला आलो तेव्हा बंब येत होता. चालक इस्माईलभाईंनी तो बोळाच्या तोंडाशी आणला, पण आत घालता येईना. कोपऱ्यावर एका सभासदाच्या मेव्हण्याची दोन मजली इमारत उभी होती आणि तिचा ओटा रस्त्यात आला होता. त्यांनी बंब तिथंच ठेवून नळ्या ओढल्या. बायकांनीही धरल्या. पाणी सुटलं, बोळातली आग दबली, वाफ उठली. आम्ही चार पावलं आत गेलो असू-नसू, तोच नळी सैल पडली.

इस्माईलभाईंनी माझ्याकडे बघितलं. "ताई, संपलं. बंगल्याच्या टाकीत ओतून आलोय मी."

"दुसरं कुठनं?"

"विहिरी आटल्यात. शेजारच्या शहराचा बंब निघालाय, पण त्याला वेळ लागणार."

तेव्हा मला लाइन आठवली. वस्तीच्या कडेला विटांच्या चौकोनी खड्ड्यात तिचा हवेचा व्हॉल्व्ह होता. लाइनमधली हवा बाहेर पडावी म्हणून तो बसवलेला. त्यातून थोडं पाणी कायम गळायचं आणि आमच्या बायका वाटीनं ते गोळा करायच्या, म्हणून नगरपरिषदेनं त्यावर लोखंडी झाकण घालून कुलूप लावलं होतं.

मी साहेबांकडे गेले. ते जीपजवळ उभे होते, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला.

"साहेब, व्हॉल्व्ह फोडू द्या. खड्डा भरेल, बंब त्यातनं पाणी ओढेल."

"तो फोडला तर पूर्ण शहराचं पाणी बंद होईल, ताई. तसला व्हॉल्व्ह इथं मिळत नाही. आठ-दहा दिवस जातील. या उन्हात."

"आत दोन माणसं आहेत."

"मला कळतंय."

"बोलतायत अजून. या तुम्ही, ऐका."

ते आले नाहीत. त्यांनी दादांना फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती. "हो दादा... हो, उद्याची पाळी, कल्पना आहे... नाही, अजून तसं काही... बरं." मग त्यांनी पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरला लावला. मग आणखी कुणालातरी. मी त्यांच्यासमोर हात जोडले होते. आयुष्यात मी देवाशिवाय कुणापुढं तसे हात जोडले नाहीत.

"ते म्हणतायत थांबा," साहेब म्हणाले. "बाहेरचा बंब येतोय."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

ते पुन्हा फोनकडे बघू लागले. सिंधू शेतातून पळत आली. मग तिनं कुणाच्या तरी दारातली पहार उचलून आणली आणि माझ्यासमोर धरली.

मी पहार घेतली. व्हॉल्व्हला हात लावणारा तुरुंगात जाणार हे मला दिसत होतं, आणि वस्तीतल्या कुणावर ते यावं असं मला वाटत नव्हतं. मी निवडून आलेली होते. मला निदान काही विचारतील, माझं काही ऐकतील, असं तेव्हा वाटलं.

"मला हे बघावं लागेल, ताई," साहेब म्हणाले. "मी बघितलं नाही असं मला म्हणता येणार नाही."

"बघा मग. नीट बघा आणि विचारतील तेव्हा सांगा."

कुलूप पहिल्या दणक्यात गेलं. व्हॉल्व्ह ओतीव लोखंडाचा, तो हलेना. मी मारत होते, मग सिंधूनं मारलं, मग इस्माईलभाईंनी गाडीतला घण आणला. त्यांनी नोकरीचा विचार केला असेल की नाही, ठाऊक नाही. घणाच्या घावांनी व्हॉल्व्हची मान तडकली आणि पाणी माडाएवढं वर गेलं. पंप मारत असलेलं धरणाचं पाणी होतं ते. ते आमच्यावर कोसळलं तेव्हा इतकं गार होतं की मला क्षणभर श्वासच घेता येईना. त्या वस्तीत जन्मल्यापासून एवढं पाणी कुणी एका जागी पाहिलं नव्हतं.

खड्डा भरला, बंबानं ओढ घेतली, नळ्या ताठ झाल्या. पूर्वेकडची सगळी घरं वाचली. अंगणवाडी वाचली. बोळ विझला आणि आम्ही दारापर्यंत पोचलो. दार जळालं नव्हतं. नुसतं काळं पडलं होतं. इस्माईलभाईंनी ते खांद्यानं पाडलं.

दत्तू झरोक्याखाली होता. सासऱ्यांना त्यानं अंगावर वर धरलं होतं, झरोक्याकडे तोंड करून, हवा मिळावी म्हणून. दोघांच्या अंगावर कुठं भाजल्याची खूण नव्हती. डॉक्टर नंतर म्हणाले, धुरानं गेले. फार वेळ झाला नसावा, असंही म्हणाले. ते त्यांनी का सांगितलं कोण जाणे.

पुढचे काही दिवस शहराला पाणी नव्हतं. आम्ही राखेत पत्रे हुडकत होतो तेव्हा शहरातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन वस्तीवर आल्या. पुढची बाई माझ्या ओळखीची होती, मुलांच्या शाळेत भेटायची. तिनं जळालेली घरं बघितली आणि ती जरा थबकली. पण लगेच म्हणाली, "माझ्या घरात बाळंतीण आहे. तिला काय पाजू, सांग." त्यांनी घागरी वस्तीच्या रस्त्यावर आपटून फोडल्या आणि निघून गेल्या. सिंधू दारात सुतकात बसली होती. तिनं मान वर करून बघितलंही नाही.

दादांनी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला: सार्वजनिक मालमत्तेची नासधूस केली म्हणून पद्मा साळुंके यांना अपात्र ठरवावं. लोक मला येऊन सांगायचे, माफी माग, मिटवून टाक. मालकही एकदा म्हणाले. मी त्यांना म्हटलं, "मला मिटवायचं नाही. तिथं मला विचारणार आहेत, का फोडलंस. तेवढंच मला पाहिजे." खरंच, त्या सुनावणीची मी वाट बघत होते. बंब कुठं होता, का होता, कोपऱ्यावरची इमारत कुणी उभी राहू दिली, टाकीत पाणी का नव्हतं, हे मी भाकरी थापताना, कळक फोडताना मनाशी ओळीनं लावत होते. सभेत माझं कुणी ऐकलं नव्हतं. आता ऐकावं लागणार होतं. माझं पद गेलं तरी चालेल, पण हे सगळं एकदा मोठ्यानं बोलायचं होतं.

सुनावणीला आधी कुलथे साहेबांना बोलावलं. ते उभे राहिले. जिल्हाधिकाऱ्यांनी विचारलं, "व्हॉल्व्ह कुणी फोडला?"

"माझ्या आदेशानं फोडला," साहेब म्हणाले. "आग विझवण्यासाठी लागेल तिथून पाणी घेण्याचा, त्यासाठी लाइन तोडण्याचाही मुख्याधिकाऱ्याला अधिकार आहे. तो मी वापरला. नगरसेविकांनी फक्त मदत केली."

दादांच्या वकिलानं काही म्हणायचा प्रयत्न केला. जिल्हाधिकाऱ्यांनी कायद्याचं पुस्तक मागवलं, वाचलं आणि मान हलवली. अधिकाऱ्यानं अधिकारात केलेली गोष्ट, त्यात सभासदाचा दोष नाही. अर्ज फेटाळला. मला कुणी काही विचारलंच नाही. मी उभी राहिले तर कारकून म्हणाला, "ताई, तुमचं झालं. सुटलात तुम्ही."

साहेब बाहेर व्हरांड्यात होते. मला बघून ते थोडं हसले. सुटल्यासारखे दिसत होते, माझ्यापेक्षा तेच.

"साहेब, हा अधिकार तुम्हाला केव्हा मिळाला?"

"म्हणजे?"

"त्या दिवशी होता?"

त्यांचं हसू गेलं. "होता."

"मी हात जोडले तेव्हा होता?"

"हो."

"तेव्हा आठवला नाही?"

ते व्हरांड्याच्या कठड्याकडे वळले. "आठवला नाही असंच मी तुम्हाला सांगणार होतो," ते म्हणाले. "आठवला होता, ताई. फोन लावायच्या आधीच आठवला होता. पण वरून कुणीतरी हो म्हणावं असं वाटत होतं."

मी त्यांना शिव्या द्यायला हव्या होत्या. पण दिल्या नाहीत. त्यांना वाटत होतं की त्यांनी मला वाचवलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण आदेश त्यांनी दिला असं एकदा ठरल्यावर सगळं नीट, नियमानं झालं असंच ठरलं. आग लागली, अधिकाऱ्यानं अधिकार वापरला, वस्ती वाचली, दोघे दुर्दैवानं गेले. त्यात पुढं विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पुढच्या महिन्यात साहेबांची बदली झाली. त्यानंतर आमची गाठ पडली नाही.

मी घरी आले. सिंधू अंगणात बेळं काढत होती.

"काय झालं, आक्का?"

"सुटले."

"आन् ह्यांचं? ह्यांचं कोण बोललं?"

"कोणी नाही."

मी तिला अधिकाराचं सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. तिनं हातातला कोयता बाजूला ठेवला.

"उद्या मला तिथं घिऊन चल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिल्हाधिकारी कचेरीत गेलो. शिपायानं विचारलं, अर्ज आहे का? नाही. केस आहे का? होती, संपली. मग काय काम आहे? सिंधू म्हणाली, सायबांना भेटायचं. कचेरी बंद होईपर्यंत आम्ही बाकड्यावर बसलो आणि परत आलो. पुन्हा गेलो. तिसऱ्या खेपेला शिपायानं आम्हाला बघून तोंड फिरवलं. भाडं परवडेना तेव्हा सिंधूनं दोन सुपं नेऊन कचेरीबाहेरच विकली. किती खेपा झाल्या ते मी मोजलं नाही. एका दुपारी जिल्हाधिकारी साहेब स्वतःच बाहेर निघाले होते, त्यांनी आम्हाला ओळखलं आणि ते थांबले.

"तुमचा निकाल तर लागला ना, ताई? तुमच्या बाजूनं."

"माझा लागला," मी म्हणाले. "ही माझी जाऊ. हिचा नवरा त्या खोलीत होता."

त्यांनी आम्हाला आत बोलावलं. खुर्च्या दाखवल्या. सिंधू बसली नाही.

"बोला. काय मागणी आहे? नुकसानभरपाई, नोकरी, जे नियमात असेल ते बघू."

"मागणी न्हाई," सिंधू म्हणाली. "ते भिंतीआडून बोलत हुते. दारावर पानी मारा म्हनत हुते. पानी आमच्या दारावरनं वाहत हुतं आन् मानसं फोनवर बोलत हुती. हे तुमाला कुनी सांगितलं न्हाई. म्हनून सांगाया आले."

मग तिनं सगळं सांगितलं. बंब, सुवर्णनगर, कोपऱ्यावरचा ओटा, रिकामा माठ, पहार. मी ओळीनं लावून ठेवलं होतं तसं नाही, तिला आठवेल तसं, पुढचं मागं आणि मागचं पुढं करत. झरोक्यातून दत्तू काय बोलला, ते तिनं त्याच्याच आवाजात सांगितलं. मध्येच टेबलावरचा फोन वाजू लागला. साहेबांचा हात तिकडे गेला.

सिंधू बोलायची थांबली आणि त्या हाताकडे बघत राहिली.

साहेबांनी हात मागं घेतला. फोन वाजत राहिला, वाजून वाजून बंद झाला.

"हं," ते म्हणाले. "पुढं सांगा."